खुर्चीवाल्यांचं हक्काचं हॉटेल

दात ठणकत असला म्हणजे माणसाला दुसरं काही सुचत नाही. त्यामुळे दाताच्या दवाखान्यात आपल्याला कसल्या खुर्चीत बसवलं आहे, याकडे कुणाचं लक्ष जात नाही. पायाच्या एका दाबासरशी ती खुर्ची वर जाते, पाठ अलगद मागे कलते, दिवा नेमका तोंडावर येतो, आणि शेजारच्या भांड्यात चूळ टाकली की पाण्याची धार फिरते. हे सगळं न कुरकुरता होतं, कारण मधूनच कुणीतरी येऊन तिचे नटबोल्ट आवळून, पंपातलं तेल बदलून गेलेलं असतं. आपल्या गोष्टीतले गृहस्थ उभा जन्म हेच काम करत आले.

डॉक्टर त्यांना 'खुर्चीवाले' म्हणत. डॉक्टरांच्या हाताखालच्या मुली तेच म्हणू लागल्या, आणि होता होता ते नाव त्यांच्या गल्लीपर्यंत येऊन पोहोचलं. त्यांनाही त्याचं वाईट वाटत नसे. "मंत्र्यांच्या खुर्च्या जातात, माझ्या येतात," असं ते म्हणत. त्यांच्या ठेवणीतल्या दोन-तीन विनोदांपैकी हा एक.

एकदा एका दवाखान्यातली खुर्ची वर गेली ती खाली येईना. वर चांगल्या भरल्या अंगाच्या एक वकीलबाई, तोंडात कापसाचे बोळे, डोळ्यांवर दिवा. डॉक्टर पायाने दाबून दाबून दमले. मग खुर्चीवाल्यांना बोलावणं गेलं. ते आले, कुणाशी एक शब्द न बोलता खुर्चीखाली उताणे पडले आणि पंपाची झडप इतक्या हळुवार सैल करत गेले, की झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तशा बाई खाली आल्या. जमिनीला पाय लागल्यावर बाईंनी कापूस काढला आणि म्हणाल्या, "दाताचं राहू द्या, आधी यांना चहा द्या."

अशी कामं करत ते गावोगाव फिरत. महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. त्यांच्या वाट्याच्या मुलुखात एक मोठं शहर होतं. तिथे दाताचे दवाखाने इतके, की एका फेरीत संपत नसत. त्या शहरात बस थांबते तिथून हाकेच्या अंतरावर चार मजल्यांचं एक हॉटेल होतं. खुर्चीवाले पहिल्यांदा तिथे उतरले तेव्हा त्यांचे सगळे केस काळे होते. पुढे त्या शहरात त्यांनी दुसऱ्या हॉटेलचं तोंड पाहिलं नाही. हॉटेलनेही त्यांची कदर केली. आधी एक रुपेरी कार्ड आलं, मग सोनेरी. सोनेरी कार्डाच्या पाहुण्याला दोन खिडक्यांची कोपऱ्यातली खोली मिळे. खोलीत पाऊल टाकायच्या आत टेबलावर फळांची थाळी हजर असे. सकाळचा नाश्ता हॉटेलतर्फे, आणि खोली सकाळी सोडायची घाई नाही, दुपारचं कलतं ऊन पाहून निघालं तरी चाले.

घरी मात्र खुर्चीवाले म्हणजे मुखदुर्बळ माणूस. दारात पिशवी ठेवायची, हातपाय धुवायचे, समोर येईल ते जेवायचं. "काय झालं एवढ्या दिवसांत?" असं विचारलं की, "काही नाही, नेहमीचंच." त्यांच्या पत्नीला गल्लीत सगळे काकू म्हणत, म्हणून आपणही काकूच म्हणू. काकू म्हणायच्या, "तोंड उघडायला तुम्हालाच एकदा त्या खुर्चीत बसवायला हवं."

एकाच विषयावर त्यांची जीभ जरा सैल व्हायची, तो म्हणजे हॉटेल. या खेपेला पेअर होते. या खेपेला पडदे नवे लावलेत. काकू ऐकत आणि भाजी चिरत. त्यांनी हॉटेलचं नावच 'सवत' पाडलं होतं. "काय म्हणते माझी सवत? बरी आहे ना? मला कधी दाखवणार?"

"दाखवू की," खुर्चीवाले म्हणत. मग मुलीची शाळा आली, मुलीचं कॉलेज आलं, काकूंचे शिवणाचे वर्ग होते. दाखवू-दाखवू म्हणता मुलीचं लग्नही होऊन गेलं.

आणि मग निवृत्तीच जवळ आली. नव्या खुर्च्या बनवणाऱ्या कंपन्या दुरुस्तीला आपलीच माणसं पाठवू लागल्या होत्या, आणि खुर्चीखाली उताणं पडलं की उठताना खुर्चीवाल्यांना आता तिच्याच हाताचा आधार लागे. शेवटची एक फेरी करायची आणि अवजारं माळ्यावर टाकायची, असं ठरलं. तेव्हा त्यांच्या डोक्यात आलं, की या फेरीला काकूंना बरोबर न्यावं. व्याही-विहीणबाईंचं गाव त्या शहराच्या पलीकडे, तेव्हा त्यांनाही एका रात्रीसाठी तिथेच बोलवावं. लग्न झाल्यापासून व्याह्यांचा पाहुणचार राहूनच गेला होता. घर दोन खोल्यांचं, त्यात चार मोठी माणसं वावरायची म्हणजे एकाने कायम उभं राहायचं.

फोन लावताना त्यांच्या आवाजाला अशी काही धार आली होती, की काकू आतून बाहेर येऊन ऐकत उभ्या राहिल्या. "तुम्ही फक्त या हो. तिथे माझा शब्द खाली पडू देत नाहीत. कोपऱ्यातल्या दोन खोल्या, फळं, नाश्ता, सगळं आपलं हक्काचं!"

पलीकडून व्याही म्हणाले, "म्हणजे तुमचं दुसरं सासरच म्हणा की! बघू तरी जावयाचा थाट."

व्याह्यांपुढे मान राहावी, एवढंच खुर्चीवाल्यांच्या मनात असतं तर गोष्ट वेगळी. पण त्यांच्या मनातली खरी इच्छा त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. आपण खुर्चीखाली उताणे पडतो, तेव्हा आपल्याला बघायला कुणी नसतं. काकूंनी एकदा, निदान एकदा, बघावं की आपला नवराही कुठेतरी कुणीतरी आहे. तो कुणीतरी असण्याची जागा जगात एकच होती, आणि तिथे जाण्याची ही शेवटची संधी.

ठरल्या दिवशी दुपारी चौघं हॉटेलात पोहोचले. व्याही निवृत्त हिशेब तपासनीस. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याची सवय नोकरीबरोबर संपत नाही. त्यांनी सोफ्यावर बसायच्या आधी तो दाबून पाहिला. विहीणबाई उंच, करारी, आणि नाकाने फार तिखट. कुणाच्या घरी गेल्या तर आज काय शिजलंय आणि काल काय करपलं होतं, दोन्ही दारातच सांगत. काकूंनी ठेवणीतली साडी नेसली होती आणि त्या हॉटेलच्या उंच छताकडे, काचेच्या दाराकडे, काउंटरमागच्या घड्याळाकडे सवतीकडे बघावं तशा निरखून बघत होत्या.

"तुम्ही बसा, मी किल्ल्या घेऊन येतो," खुर्चीवाले म्हणाले आणि काउंटरकडे निघाले. त्यांची चालही जरा बदलली होती.

"या काका, या," काउंटरवरची मुलगी म्हणाली. ती त्यांना चांगली ओळखत होती. पण सोफ्यावरची तीन माणसं पाहून तिचं हसू अर्ध्यात थांबलं. तिने आवाज खाली आणला. "काका, तुम्हाला कळलं ना? मोबाईलवर सगळ्यांना कळवलं होतं."

"काय कळवलं होतं?" खुर्चीवाल्यांच्या मोबाईलवर रोज इतक्या जाहिराती येत, की ते आलेलं सगळं एकाच फटक्यात पुसून टाकत.

मुलीने काउंटरवरची एक उभी पाटी हळूच त्यांच्याकडे वळवली. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'आपल्या सोयीसाठी काही नवे बदल'. कोपऱ्यातली खोली, नाश्ता, फळं, खोली दुपारी सोडण्याची मुभा, एकेक करत सगळं त्या बदलांत वाहून गेलं होतं. ज्याला हवं त्याने वेगळे पैसे भरावेत. 'आपल्या सोयीसाठी' हे शब्द खुर्चीवाल्यांना डॉक्टरांच्या 'जरासं दुखेल हं'सारखे वाटले.

"पण माझं कार्ड? सोनेरी?"

"कार्ड आहे ना काका. ते चालूच राहणार."

"मग त्यावर काय मिळतं?"

मुलगी अडखळली. "वाढदिवसाला शुभेच्छा येतात."

"बरं, पैसे भरतो. कोपऱ्यातल्या दोन खोल्या दे."

"त्या कालच गेल्या हो. आता आधी जो पैसे भरेल त्याला देतात. मागच्या बाजूच्या दोन ठेवल्यात मी तुमच्यासाठी. स्वच्छ आहेत." तिच्या चेहऱ्यावर खरोखरच ओशाळेपणा होता. "नवे मालक आलेत काका. आमचंही दुपारचं जेवण बंद केलंय."

सोफ्यावरून व्याह्यांचा आवाज आला, "काय हो व्याही, सासरी काही अडचण?"

"छे छे!" खुर्चीवाले वळून मोठ्याने हसले. "जावयाची विचारपूस चाललीय!"

तिथेच ते फसले. दोन पावलं चालून जाऊन "अहो, नियम बदललेत" एवढं म्हणाले असते, तर गोष्ट तिथल्या तिथे मिटली असती. पण ती दोन पावलं त्यांना टाकवली नाहीत. किल्ल्या घेऊन ते आले आणि म्हणाले, "कोपऱ्यातल्या खोल्यांचं रंगकाम काढलंय. वास येईल म्हणून मीच म्हटलं, नको, मागच्या द्या."

"फार बरं केलंत," विहीणबाई म्हणाल्या. "मला रंगाचा वास मुळीच सोसत नाही."

एक खोटं खपलं, की ते पोसायला दुसरं लागतं. खोलीत गेल्यावर व्याह्यांनी गादी दाबली, नळ सोडून पाहिला, दारामागची 'आग लागल्यास काय करावे' ही सूचना मोठ्याने वाचली. खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसत होती आणि तिच्यावर एक कबूतर बसलं होतं. मग टेबलाकडे पाहून ते म्हणाले, "आणि ती फळांची थाळी? पाहुणा आत शिरायच्या आत हजर असते म्हणाला होतात."

"येईल ना! येतच असेल," खुर्चीवाले म्हणाले. "तुम्ही जरा पाय पसरा. मी इथल्याच एका डॉक्टरांकडे डोकावून येतो, त्यांची खुर्ची कुरकुरतेय." आणि आपल्या खोलीतली अवजारांची पिशवी उचलून ते निघाले.

कोपऱ्यावरच्या फळवाल्याकडे त्यांनी सफरचंदं घेतली, पेअर घेतले, द्राक्षांचा एक घोस घेतला, सगळं हाताने दाबून, उजेडात फिरवून. पण फळांची पिशवी हातात घेऊन हॉटेलात शिरायचं कसं? व्याही खाली उतरले असले तर? म्हणून त्यांनी पाने-पक्कड एका बाजूला सारले आणि फळं अवजारांच्या पिशवीत घातली. पुढच्या दाराने न जाता ते बाजूच्या दाराने नाश्त्याच्या हॉलमध्ये शिरले.

हॉलमध्ये नाना होते. नाना तिथले सगळ्यांत जुने वाढपी. उभा जन्म ट्रे धरून त्यांचा डावा खांदा जरासा वर राहिला होता. "नाना, एक थाळी द्या. चांगली," खुर्चीवाले म्हणाले आणि पिशवीतून फळं काढू लागले. नानांनी एकदा फळांकडे पाहिलं, एकदा त्यांच्या चेहऱ्याकडे. काही न विचारता त्यांनी कडेला निळी रेघ असलेली थाळी काढली, खाली नॅपकिनची घडी घातली, फळं रचली आणि म्हणाले, "मी नेऊन देतो. तुम्ही नेलीत तर बरं दिसणार नाही."

काकू तेव्हा विहीणबाईंच्या खोलीतच बसल्या होत्या. नानांनी थाळी टेबलावर ठेवली, जाताना काकूंकडे क्षणभर जास्तच पाहिलं, हसले आणि दार लोटून गेले. पाठोपाठ खुर्चीवाले आले. "आली का फळं? वाटलंच मला!"

व्याही प्रसन्न झाले. "मान आहे हो तुम्हाला, मान आहे." विहीणबाईंनी सफरचंद उचललं, चावा घेतला आणि त्यांचे डोळे बारीक झाले.

"अगंबाई! याला लवंगेचा वास येतोय."

"सफरचंदाला?" व्याह्यांनी दुसरं उचलून नाकाशी नेलं. "लवंग आहेच. आणि मागून तेलही येतंय. मशीनचं."

"दात काढायला बसल्यासारखं वाटतंय मला," विहीणबाई म्हणाल्या. "एवढं मोठं हॉटेल आणि फळं कसल्या फडक्याने पुसतात कोण जाणे! व्याही, तुमचं सासर दिसायला देखणं आहे, पण स्वयंपाकघरात कुणाचं लक्ष दिसत नाही."

दाताच्या दवाखान्यात लवंगेच्या तेलाचा वास भिंतींत मुरलेला असतो. तो खुर्च्यांना लागतो, खुर्च्यांवरून फडक्यांना आणि फडक्यांवरून पिशवीला. खुर्चीवाले त्या वासात इतकी वर्षं राहिले होते, की त्यांच्या नाकाला तो येतच नसे.

काकूंना येत होता. खुर्चीवाले घरी यायचे तेव्हा ते दिसायच्या आधी तो वास दारातून आत यायचा, आणि काकू चहाचं आधण ठेवायच्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा कबुतराकडे पाहत होता. काकूंनी थाळीतला एक पेअर घेतला, चाकू न मागता तसाच खायला सुरुवात केली आणि देठापर्यंत संपवला.

"मला तर गोड लागला," त्या म्हणाल्या.

आपल्या खोलीत आल्यावर त्यांनी दार लावून घेतलं. "कुठून आणलीत फळं?"

"हॉटेलने..."

"अहो, तुमचे शर्ट मी धुते."

खुर्चीवाले पलंगाच्या कडेला बसले. मग सगळं सांगितलं: पाटी, कार्ड, वाढदिवसाच्या शुभेच्छा, रंगाची थाप. सांगताना ते हातातली किल्ली उलटसुलट करत होते. शेवटी म्हणाले, "मला वाटायचं, ही माणसं मला ओळखतात. ती कार्डाला ओळखत होती. आता कार्डालाही ओळखत नाहीत."

काकूंना आधी हसू आलं. रंगाच्या थापेवर तर फारच आलं. पण मग त्यांचा चेहरा बदलला. "फळं नाही मिळाली, तर नाही मिळाली. पण व्याह्यांना खोटं सांगितलंत ते मला नाही आवडलं. आपली पोर त्यांच्या घरात आहे. उद्या हे त्यांना दुसरीकडून कळलं तर ते तुम्हाला काही बोलणार नाहीत, तिला बोलतील. तुझे वडील असे, तुझे वडील तसे. सकाळी नाश्त्याच्या आधी सांगून टाका."

"काय सांगू? की इथे मला कुणी विचारत नाही?"

"हो. तसंच सांगा."

"तुला दाखवायचं होतं गं मला," खुर्चीवाले म्हणाले. "एकदा तरी."

"काय?"

ते किल्लीच फिरवत राहिले. काकूंनी उठून पडदा सारला. समोर तीच भिंत होती. "सवत साधीच निघाली की," त्या म्हणाल्या. पण त्यात टोमणा नव्हता. त्यांनी पडदा ओढून घेतला, आणि बोलणं तिथेच राहिलं.

सकाळी चौघं नाश्त्याच्या हॉलच्या दाराशी आले. दारात एक नवा पोरगेला मॅनेजर खोलीचे क्रमांक विचारत उभा होता. खुर्चीवाल्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू पदर सारखा करत होत्या.

"व्याही, विहीणबाई, एक मिनिट," खुर्चीवाले म्हणाले. "नाश्ता आता हॉटेलतर्फे नसतो. खोलीला रंगबिंगही नाही. हॉटेलने सगळं बंद केलंय, मला काल काउंटरवर कळलं. तुमच्यासमोर सांगायची लाज वाटली. फळं मीच आणली होती. माझ्या पिशवीतून."

व्याही बघतच राहिले. मागून दोन माणसं "जरा बाजूला" म्हणत पुढे गेली.

विहीणबाईंनी आधी तोंड उघडलं. "म्हणजे तो लवंगेचा वास तुमच्या पिशवीचा? आणि मी काल संध्याकाळभर बिचाऱ्या हॉटेलला नावं ठेवत होते! ती तुम्हालाच ठेवायला हवी होती."

"ठेवा," खुर्चीवाले म्हणाले. "तुमचा हक्क आहे."

"ठेवीन की. सावकाश ठेवीन, नाश्ता करता करता. चला आत, मला भूक लागलीय."

टेबलाशी बसल्यावर व्याही नुसतीच नॅपकिनची घडी मोडत आणि पुन्हा घालत राहिले. खुर्चीवाल्यांना वाटलं, बसला राग मनात. पण व्याही समोरच्या रिकाम्या बशीकडे बघत म्हणाले, "मी निवृत्त झालो ना, त्याच्या दुसऱ्याच महिन्यात सहज माझ्या कचेरीत गेलो होतो. दारावर नवा शिपाई. म्हणाला, काम काय आहे? मी म्हटलं, काम काही नाही. तर म्हणतो, मग बाकावर बसा. बसलो. थोड्या वेळाने उठून घरी आलो."

"हे मला कधी सांगितलं नाहीत तुम्ही," विहीणबाई म्हणाल्या. "मला तर म्हणालात, सगळ्यांनी चहा पाजला."

"सांगण्यासारखं होतं का ते?" व्याह्यांनी पाव उचलला आणि लोणी लावायला लागले. "रंगाची थाप बरी होती हं व्याही. मी असतो तर उंदीर निघाले म्हटलं असतं."

"मग मी रात्रभर झोपले असते का?" विहीणबाई म्हणाल्या, आणि चौघंही हसले. खुर्चीवाल्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं. व्याह्यांपुरती गोष्ट मिटली होती. ज्यासाठी एवढा घाट घातला ते मात्र राहिलंच. काकूंना दाखवण्यासारखं इथे आता काही नव्हतं. मागची खोली, समोरची भिंत, आणि पैसे देऊन खाल्लेला नाश्ता.

तेवढ्यात नाना ट्रे घेऊन आले. तीन कप इकडेतिकडे ठेवले आणि चौथा काकूंच्या हाताशी. "बाई, तुमच्यात साखर नाही घातली."

काकू चमकल्या. "तुम्हाला कसं ठाऊक?"

"साहेब सांगतात ना." नानांनी ट्रे काखेत धरला. त्यांना आता जायची घाई दिसेना. "गुडघा कसा आहे? काल जिन्याने तर नाही ना आलात? लिफ्ट आहे आपल्याकडे."

"बरा आहे," काकू म्हणाल्या, आणि नवऱ्याकडे पाहू लागल्या. नवरा पावावर लोणी लावत होता. तिथे लोणी आधीच होतं.

"आणि तुमच्या घरावरच्या मजल्यावरच्या बाई? त्या अजून कपडे न पिळता वाळत टाकतात का? मी साहेबांना म्हटलं होतं, बाईंना सांगा, भांडू नका. एक ताट नेऊन द्या काहीतरी करून, आणि मग सांगा."

"अहो, मी तसंच केलं होतं!" काकू म्हणाल्या. "मला वाटलं यांनाच सुचलं!"

व्याह्यांना भलताच आनंद झाला. "व्याही, हे तर तुमच्या घरातलेच निघाले!"

"साहेब सगळ्यांत आधी खाली येतात," नाना सांगू लागले. "हॉल रिकामा असतो. मी कप मांडत असतो, ते बोलत असतात. मुलगी पहिल्यांदा सायकलवरून पडली ते मला माहीत आहे. बाईंच्या शिवणाच्या वर्गात पहिल्या दिवशी एकच मुलगी आली होती, आणि बाईंनी तिला एकटीलाच संध्याकाळपर्यंत शिकवलं, तेही माहीत आहे. ते सांगताना साहेबांचा चहा गार झाला होता. मी दुसरा दिला."

काकूंनी कप खाली ठेवला. त्या पहिल्या दिवशी रात्री त्या रडल्या होत्या. नवरा पाठ करून झोपला होता, आणि त्यांना वाटलं होतं, याला काही कळलंच नाही.

"हे बोलतात?" त्यांनी विचारलं.

"थांबत नाहीत, बाई."

विहीणबाई हसायला लागल्या होत्या, पण काकूंचा चेहरा पाहून त्यांनी व्याह्यांना आणखी पाव घ्यायला लावला. नवा मॅनेजर लांबून नानांना खुणा करत होता. नानांनी त्याच्याकडे पाठ केली. "आणि साहेब, मनगट? थंडीत दुखतं का अजून?"

"कसलं मनगट?" काकू म्हणाल्या.

नानांच्या ध्यानात आलं. त्यांनी एकदा साहेबांकडे पाहिलं, ट्रे सरळ केला आणि "आलोच, टोस्ट बघतो," म्हणून जे गेले ते पलीकडच्या टेबलांतच अडकून राहिले.

खोल्या आता सकाळीच सोडायच्या होत्या. व्याही-विहीणबाई आपल्या गाडीने निघाले. जाताना विहीणबाईंनी उरलेली द्राक्षं पुडीत बांधून घेतली. "वाया कशाला घालवायची? सुनेला देते. माहेरचा वास येईल तिला," असं म्हणाल्या. खुर्चीवाले हॉलमध्ये जाऊन नानांना भेटून आले. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा बऱ्यापैकी शांत होता. काउंटरवरच्या मुलीच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवल्यासारखं केलं आणि अवजारांची पिशवी उचलली.

बसमध्ये काकूंनी खिडकीची जागा घेतली, पण खिडकीबाहेर पाहिलं नाही. बस भरत होती. त्यांनी नवऱ्याचा उजवा हात आपल्या मांडीवर ओढला आणि मनगट उलटं करून पाहिलं. हाडाच्या जागी एक बारीक उंचवटा होता. इतक्या वर्षांत तो त्यांना कधी दिसला नव्हता.

"कधी?"

"जुनं आहे. जाऊ दे."

"मला नको सांगू जाऊ दे म्हणून," काकू म्हणाल्या. नवऱ्याला अरेतुरे करायची ही त्यांची बहुधा पहिलीच वेळ. "नानांना सांगितलंस ना? मग तसंच सांग. पहिल्यापासून."

खुर्चीवाल्यांनी इकडेतिकडे पाहिलं. पुढच्या बाकावर एक बाई लेकराला झोपवत होती. कंडक्टर मागच्या दाराशी होता. त्यांनी घसा साफ केला.

"त्या डॉक्टरांचा दवाखाना तिसऱ्या मजल्यावर होता," ते म्हणाले. "जिन्यात दिवा नव्हता. माझ्या एका हातात खुर्चीचा पंप. जड असतो तो, तुला वाटतो तसा नसतो..."

बस सुटली. पहिल्या वळणापर्यंत ते दुसऱ्या मजल्यावर पोहोचले होते. काकूंनी त्यांचा हात सोडला नव्हता.

"बरं," त्या म्हणाल्या. "पुढे?"